चार माइक, एक इंटरफेस: प्रीमिअर घ्यायचं का रिझॉल्व्ह?

चार माइक एका ऑडिओ इंटरफेसला (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) जोडून पॉडकास्ट करायचाय आणि एडिटिंगला अडोबीचं प्रीमिअर प्रो घ्यावं का दाविंची रिझॉल्व्ह असा प्रश्न असेल, तर आधी एवढं ठरवा की आवाज थेट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच रेकॉर्ड करायचाय का रेकॉर्डरवरच्या तयार फाइली आणून नुसत्या कापायच्यात, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो.

फाइली तयार असतील तर प्रीमिअर प्रो मस्त चालतं. चार चॅनलची वेव्ह फाइल चार ट्रॅकवर हवी असेल तर क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, ऑडिओ चॅनल्स, तिथे मोनो (एकच चॅनल) करायचं आणि चार क्लिप मागायच्या. फक्त हे टाइमलाइनवर टाकायच्या आधी करा, आधीच पडलेल्या क्लिपला नंतरचा बदल लागत नाही आणि मग लोक उगाच इंटरफेसला शिव्या घालत बसतात.

थेट रेकॉर्डिंगला मात्र प्रीमिअर जरा छळतं. विंडोजवर प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ हार्डवेअर उघडा, डिव्हाइस क्लास एमएमईवर (विंडोजचा साधा, जुना ऑडिओ मार्ग) असेल तर बहुतेक वेळा दोनच इनपुट दिसतात, बाकीचे दोन माइक मेले की काय असं वाटतं. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (सगळे इनपुट सॉफ्टवेअरला थेट दाखवणारा) टाका, मग क्लास एएसआयओ करा. तरी ऑडिओ ट्रॅक मिक्सरमध्ये इनपुट निवडायची जागा सापडत नाही, कारण ट्रॅकचं आर (रेकॉर्ड) बटण दाबल्याशिवाय ती दिसतच नाही! ट्रॅकही मोनो हवा, स्टँडर्ड ट्रॅक स्टिरिओ जोडी धरून बसतो. मीटर हलतंय पण हेडफोनमध्ये शांतता असेल तर ऑडिओ हार्डवेअरमध्येच खाली आउटपुट मॅपिंग बघा.

रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइट या आवाजाच्या कामाच्या पेजवर पॅच इनपुट/आउटपुट नावाची खिडकी आहे, माझा कल तिच्यामुळेच इकडे झुकतो. डावीकडे इंटरफेसचे इनपुट, उजवीकडे ट्रॅक, दोन्ही निवडून पॅच दाबायचं, कुठला माइक कुठे गेला ते डोळ्यासमोर असतं, त्यामुळे गडबड कुठे झाली ते लगेच कळतं. डावीकडे इंटरफेसच नसेल तर प्रेफरन्सेस, व्हिडिओ अँड ऑडिओ आयओ बघा. पहिल्यांदा उघडलं की वैमानिकाच्या केबिनमध्ये बसल्यासारखं होतं ते खरं, आणि प्रोजेक्ट सेव्ह करून फाइली कुठे ठेवायच्या तो फोल्डरही आधीच देऊन ठेवावा लागतो.

दोन्हीकडे सारखी डोकेदुखी सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्या आकड्याची. व्हिडिओचं काम ४८ किलोहर्ट्झवर आणि इंटरफेस ४४.१ वर राहिला की टकटक आवाज नाहीतर सूर खालीवर. आणि मॅक असो वा विंडोज, प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकची परवानगी बंद असेल तर सगळं बरोबर करूनही मीटर ढिम्म हलणार नाही.

नवीन सुरुवात असेल आणि चार जणांचा पॉडकास्ट थेट घ्यायचा असेल तर रिझॉल्व्ह, फुकट आवृत्तीतही फेअरलाइट आहे. प्रीमिअरचं सबस्क्रिप्शन आधीच चालू असेल तर फक्त यासाठी सॉफ्टवेअर बदलू नका, रेकॉर्डिंग रीपर या आवाजाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करा, फाइली प्रीमिअरमध्ये आणा.