गच्चीवरचा सोलर हीटर : श्रेय काळ्या लेपाचे

माहीममधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसवलेला काचनळ्यांचा, दीडशे लिटरचा सोलर वॉटर हीटर एकंदरीत पैसे वसूल करणारा आहे. विक्रेत्याने गुणगान मात्र स्टीलच्या टाकीचे केले होते. खरे काम करतो तो नळीतील काळा लेप.

प्रत्येक नळी दुहेरी काचेची असून दोन काचांमधील हवा काढून टाकलेली असते. आतल्या काचेवर, या पोकळीच्या बाजूने, ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये ॲल्युमिनियमचे नॅनोकण विखुरलेला, मायक्रॉनहूनही पातळ लेप चढवलेला असतो. उन्हात निरखून पाहिल्यास त्यावर निळसर झाक दिसते. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तो शोषून घेतो आणि तापल्यावर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपाने फारच थोडी उष्णता परत सोडतो. साधा काळा रंगही शोषण्यात मागे नसतो, पण तो तितक्याच सढळपणे उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळेच २०१४ साली जाहीर झालेला, ९९.९६५ टक्के प्रकाश गिळणारा व्हँटाब्लॅक नावाचा अतिकाळा लेप (कलेतील वापराचे त्याचे हक्क मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी घेतल्यावर बराच गदारोळ झाला होता) दुर्बिणीच्या नळीत कितीही गुणी ठरला, तरी गच्चीवर त्याचा उपयोग बेताचाच.

हिवाळ्यात आदल्या दिवशी तापलेले पाणी सकाळच्या अंघोळीला चांगले कढत मिळते. पावसाळ्यात ढग हटेनासे झाले की विजेची कॉइल लावावीच लागते, त्यामुळे विक्रेत्यांचा ‘बारमाही गरम पाणी’ हा दावा मुंबईपुरता मान्य करता येत नाही. पालिकेचे तलावाचे पाणी फारसे जड नसल्याने नळ्यांत क्षार साचत नाहीत. टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून असणाऱ्यांनी हे गृहीत धरू नये.

तक्रारी दोन. खाऱ्या हवेने स्टँडचे नटबोल्ट लवकर गंजले. दुसरी अधिक गंभीर आहे : एका नळीच्या बुडाशी असलेला बेरियमचा चंदेरी थर पांढरा पडला, म्हणजे आत हवा शिरली होती, तरीही बसवणाऱ्याचा माणूस ती कबुतरांची घाण असल्याचे सांगत राहिला. बराच पाठपुरावा केल्यावर नळी बदलून मिळाली. खरेदी करणाऱ्यांनी प्रत्येक नळीचे बूड जोडणीपूर्वीच तपासून घ्यावे, आणि भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळ्यांत थंड पाणी सोडू देऊ नये, काच तडकते.