अमेरिकेत सोन्याचं नाणं घेताना: बुलियन की संग्राह्य, आणि सेल्स टॅक्स कुठे माफ?

भारतात सोन्याचं नाणं घेतलं की ३ टक्के जीएसटी, मग दुकान पुण्यात असो की पणजीत. अमेरिकेत मात्र केंद्राचा विक्रीकर नाहीच. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळे तेच नाणं एका गावात करमुक्त आणि नदीपलीकडे करपात्र असू शकतं. दसऱ्याला किंवा पाडव्याला वळं, वेढणं घेण्याची सवय असलेले आपले लोक तिथे नाण्यांकडे वळतात, आणि बिल हातात आल्यावर टॅक्सचा आकडा पाहून चमकतात.

पर्याय दोन. बुलियन म्हणजे बार किंवा अमेरिकन ईगल, बफेलो, कॅनडाचं मेपल लीफ यांसारखी नाणी. यांची किंमत धातूच्या वजनामागे चालते, वर थोडा प्रीमियम. यात चोख सोनंच हवं असेल तर बफेलो किंवा मेपल लीफ बघा, सोन्याचं ईगल २२ कॅरेटचं असतं. दुसरा पर्याय संग्राह्य नाण्यांचा. उदाहरणार्थ १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला चांदीचा मॉर्गन डॉलर. यात तुम्ही चांदीपेक्षा वर्ष, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था यांचे पैसे मोजता.

हा फरक सर्वांत जास्त बोचतो न्यूयॉर्कमध्ये. तिथे माफी फक्त गुंतवणुकीच्या बुलियनला आहे आणि बिल १,००० डॉलरच्या वर हवं. शिवाय नाण्याची किंमत त्यातल्या धातूच्या मोलापेक्षा फार पुढे जाऊन चालत नाही: चांदीच्या नाण्याला १४० टक्के, पाव औंस (औंस म्हणजे साधारण ३१ ग्रॅम) किंवा त्याहून लहान सोन्याच्या नाण्याला १२० टक्के, बाकीच्यांना ११५ टक्के ही कमाल. म्हणजे ज्यात ४,००० डॉलरचं सोनं आहे असं मोठं नाणं ४,६०० पर्यंत मिळालं तर माफी, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर कर. चांगल्या अवस्थेतला दुर्मीळ मॉर्गन या चौकटीत बसणं शक्यच नाही. न्यूयॉर्क शहरात दर ८.८७५ टक्के, तेव्हा ५,००० डॉलरच्या नाण्यावर जवळजवळ ४४४ डॉलर नुसता टॅक्स.

हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत या. १ जानेवारी २०२५ पासून तिथे १,००० डॉलरच्या वरच्या खरेदीत बुलियनही करमुक्त आणि गुंतवणुकीची नाणीही. त्या व्याख्येत संग्राह्य नाणी धरलेली आहेत. एडिसनमध्ये राहणाऱ्या संग्राहकाला याहून चांगली बातमी कुठली? नाण्याचं लॉकेट करून घेतलंत तर मात्र तो दागिना, त्याला माफी नाही.

कॅलिफोर्निया दोन्ही प्रकारांना माफी देतो, पण एका व्यवहारात २,००० डॉलर किंवा अधिक झाले तरच. २०२३ च्या आधी ही मर्यादा १,५०० होती. बार सोन्याचा किंवा चांदीचा हवा, प्लॅटिनमचा बार त्यात येत नाही. ९ टक्के दर धरला तर १,९०० डॉलरच्या चांदीवर १७१ डॉलर जातात आणि २,००० च्या चांदीवर शून्य. मला हे मुळातच अन्यायाचं वाटतं. जो महिन्याला थोडी थोडी चांदी साठवतो त्याने कर भरायचा आणि एकरकमी घेणाऱ्याने नाही! सोन्याच्या सध्याच्या भावात एका औंसाचं एक नाणं या मर्यादा सहज पार करतं, म्हणून फटका बसतो तो चांदीवाल्यांना आणि लहान नाणी घेणाऱ्यांना. अशा राज्यात असाल तर वर्षभराची खरेदी एकाच बिलात करा.

टेक्सासमध्ये हा हिशेबच नको. २०१३ मध्ये तिथली १,००० डॉलरची अट गेली. बुलियन, संग्राह्य नाणी, सगळं पहिल्या डॉलरपासून करमुक्त.

उलट दिशेनेही वारे वाहतात. मेरीलँडने १ जुलै २०२५ पासून माफी काढून घेतली, फक्त बाल्टिमोरच्या कन्व्हेन्शन सेंटरमधल्या विक्रीपुरती ठेवली. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२६ पासून बुलियनवर कर सुरू झाला. ओहायोने २०१९ मध्ये माफी रद्द केली आणि २०२१ मध्ये परत आणली. त्यामुळे डीलरचं जुनं माहितीपत्रक बघून ठरवू नका, राज्याच्या महसूल खात्याचा चालू नियम वाचा.

याच वॉशिंग्टनमधल्या सिएटलचे लोक विचारतात, शेजारच्या ओरेगनमध्ये सेल्स टॅक्सच नाही, तिथून आणलं तर? वस्तू वापरायला घरी आणलीत की तुमचं राज्य यूज टॅक्स, म्हणजे वापरावरचा कर, मागतं, तो भरणं कायद्याने तुमच्यावर आहे. ऑनलाइन मागवलं तर पार्सल जिथे पोचतं तिथला नियम लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर परराज्यातले मोठे विक्रेतेही कर कापून घेतात.

विकताना कराच्या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच. वर्षाहून जास्त ठेवून विकलं तरी केंद्र सरकार बुलियनलाही संग्राह्य वस्तूच मानतं आणि नफ्यावर कमाल २८ टक्के कर लावू शकतं. शेअरला हीच कमाल २० टक्के आहे.

माझं मत सांगते. पूजेत ठेवायला, मुलीच्या नावाने साठवायला बुलियनच घ्या: भाव रोज कळतो, विकायला सोपं, आणि वर पाहिलेल्या माफी देणाऱ्या प्रत्येक राज्यात त्याला जागा आहे. संग्राह्य नाणं टॅक्स वाचतो म्हणून कधीच घेऊ नका. डीलरच्या विक्रीच्या आणि खरेदीच्या भावातलं अंतर त्यात इतकं असू शकतं की वाचलेला ८-९ टक्के कर त्यातच बुडतो. नाणं पारखता येत असेल आणि ते जवळ ठेवण्यात खरा आनंद असेल, तरच त्या वाटेला जा.

घेतलेलं सोनं भारतात न्यायचा बेत असेल तर सामानातली करमुक्त सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना आणि बारना नाही. ती जाहीर करून ड्यूटी भरावी लागते. आणि आजीच्या डब्यातले राणीछाप रुपये किंवा शिवराया संग्रहासाठी अमेरिकेत आणायचं मनात असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.