हळद, ग्रीन टी, द्राक्षं की डॉक्टरांची गोळी?

गेल्या महिन्यात भाची कर्वेनगरहून आली आणि पर्समधून तीन बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या. हळदीतलं करक्युमिन, ग्रीन टीचा अर्क आणि रेझवेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीत असतं ते. चॉकलेट सिस्टचं निदान होऊन तिला चार महिने झालेत. म्हणजे एंडोमेट्रिओसिस: गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशींची वाढ बाहेर होते, आणि तिची अंडाशयात गाठ बनते. "मावशी, यातलं काय घेऊ? ती हॉर्मोनची गोळी नको वाटते गं."

आधी हळद, कारण आपला सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. मी स्वयंपाकघरातला काटा काढला. चमचाभर हळद भरली साधारण ३ ग्रॅम. तिच्यात करक्युमिन जेमतेम ३ टक्के, म्हणजे चमच्याला ९० मिलिग्रॅम. इराणमध्ये एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांना ८ आठवडे रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम करक्युमिन दिलं होतं. तेवढ्यासाठी अकरा चमचे मोजले तेव्हा अर्धी वाटी भरली आणि भाचीचं तोंड वाकडं झालं. २०२४ साली त्या चाचणीचा निकाल छापून आला: औषध नसलेली गोळी घेणाऱ्या बायकांपेक्षा यांचं दुखणं काही कमी झालं नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या पेशींवर करक्युमिन सूज उतरवतं हे खरं, पण ते आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपरिन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की २० मिलिग्रॅम पिपरिनने रक्तातलं करक्युमिन कितीतरी पट वाढतं. गोम अशी, की यकृतातलं जे एंझाइम इतर औषधं मोडतं त्यालाही पिपरिन अडवतं. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर लेबलावरची बारीक अक्षरं वाचाच. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

ग्रीन टीचं लवकर आटोपते. त्यातल्या ईजीसीजी या घटकाने उंदरांमधल्या एंडोमेट्रिओसिसच्या गाठी आक्रसल्या, हाँगकाँगमध्ये. चहा खुशाल प्या. अर्काच्या गोळ्यांतून मात्र दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताची एंझाइम्स वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं.

रेझवेराट्रॉलची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ब्राझीलमध्ये २०१२ साली १२ जणींना गर्भनिरोधक गोळीबरोबर ते दिलं आणि बहुतेकींचं दुखणं थांबलं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. २०१७ मध्ये तिथेच ४४ जणींवर नीट चाचणी झाली: सगळ्यांना गर्भनिरोधक गोळी, अर्ध्यांना सोबत ४० मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच उतरलं. आणि मूल हवं असेल तर अजूनच जपून: जपानमधल्या आयव्हीएफच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा ते घेणाऱ्यांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसलं.

उरलं डायनोजेस्ट, म्हणजे तिला नको असलेली ती हॉर्मोनची गोळी, रोज २ मिलिग्रॅम. त्याने दुखणं कमी होतं, हे चाचण्यांत सिद्ध झालंय. फुकट मिळत नाही काही: मला पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडत होते, पीएमटीच्या बसमध्ये बसताना पिशवीत पॅड असायचंच. काहींची मनःस्थिती बिघडते, हाडांची घनता थोडी घटू शकते. बीजनिर्मिती दबते, म्हणून दिवस राहावेत असं वाटत असताना ही गोळी उपयोगाची नाही. बंद केली की त्रास परतू शकतो.

"पण ते केमिकल ना?" भाची म्हणाली. मी तिला नॉरएथिस्टेरॉनचं सांगितलं, डायनोजेस्टच्याच जातीतलं जुनं हॉर्मोन. ते १९५१ मध्ये मेक्सिकोत पहिल्यांदा बनलं, आणि त्याचा कच्चा माल होता तिथल्या रानटी सुरणासारख्या कंदातला. वनस्पतीचं आणि केमिकल यांतली भिंत तेव्हाच पडली.

पुढच्या वर्षी मुलाचा विचार आहे, हे तिने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. सोमवारी ती तिन्ही बाटल्या घेऊन त्यांच्याकडे गेली. दुकानदाराने एकही परत घेतली नाही. वाटीतली हळद मी डब्यात ओतली, रविवारी लोणच्याला वापरली.