पक्षीनिरीक्षणासाठी मध्यम किमतीच्या तीन दुर्बिणी

निकॉन मोनार्क एम५, व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी आणि सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स या तिन्ही दुर्बिणी ८×४२ (म्हणजे आठपट मोठे चित्र आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) या एकाच मापात मिळतात, तिन्हींत कोरडा वायू (निकॉन व सेलेस्ट्रॉनमध्ये नायट्रोजन, व्होर्टेक्समध्ये आर्गॉन) भरलेला असल्याने पावसाळी हवेत आतून वाफ धरत नाही आणि वजनही ६०० ग्रॅमच्या आसपासच आहे. किमतीत मात्र फरक आहे : सेलेस्ट्रॉन सर्वांत स्वस्त, निकॉन बहुधा सर्वांत महाग. चित्राच्या मध्यभागी दिसणाऱ्या स्पष्टतेवरून निवड करू पाहणाऱ्याची पंचाईत होते, कारण कोवळ्या उन्हात समोर बसलेला खंड्या तिन्हींतून उत्तमच दिसतो. माझ्या मते निवड ठरवावी ती दृष्टिक्षेत्रावरून आणि चष्म्यावरून.

एक हजार मीटर अंतरावर मोनार्कमधून ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर डायमंडबॅकमधून सुमारे १३१ मीटर. नेचर डीएक्स त्याच्या किंचितच मागे आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत वीस मीटरवर स्वर्गीय नर्तक या फांदीवरून त्या फांदीवर जात असतो, तेव्हा सव्वादोन मीटरऐवजी अडीच मीटरहून अधिक झाडी एका वेळी नजरेत असणे म्हणजे पक्षी सापडणे आणि हुकणे यांतला फरक ठरू शकतो. जवळच्या फोकसचेही, म्हणजे किती जवळची वस्तू स्पष्ट दिसते याचेही, तसेच आहे. डायमंडबॅक दीड मीटरपर्यंत, नेचर डीएक्स दोन मीटरपर्यंत आणि मोनार्क अडीच मीटरपर्यंत येते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पक्षी रुसले की फुलपाखरांकडे वळणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

मग मोनार्कसाठी जास्त पैसे का मोजावेत? पहिले कारण ईडी काच, म्हणजे प्रकाशातले रंग कमी फाकवणारी खास काच. पाणकावळा पंख पसरून उजळ आकाशासमोर बसला असता साध्या काचेतून त्याच्या कडेला जांभळट-हिरवट झालर दिसते, ती या काचेमुळे बरीच कमी होते. नेचर डीएक्समध्ये ही काच नाही. ती हवी असल्यास त्याच मालिकेतील ईडी आवृत्ती वेगळी घ्यावी लागते. पुण्याजवळच्या कवडीपाटला नदीकाठच्या चिखलात ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी या सारख्या दिसणाऱ्या पाणपक्ष्यांच्या जाती वेगळ्या ओळखायच्या, म्हणजे पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेली आहे की डोळ्यापाशीच संपली आहे हे पाहायचे, तर समोरून येणाऱ्या उन्हात स्वच्छ रंगांचा उपयोग कळतो. दुसरे कारण चष्मा. मोनार्कमध्ये डोळा भिंगापासून १९.५ मिलिमीटर दूर असला तरी पूर्ण चित्र दिसते. उरलेल्या दोन्हींत हे अंतर सतरा-साडेसतरा मिलिमीटर आहे, जे पातळ काचेच्या चष्म्याला पुरते, परंतु जाड फ्रेम असल्यास चित्राच्या कडा कापल्या जाऊ शकतात.

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला जाणारे अनेकजण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दूर असतात म्हणून १०×४२ चा आग्रह धरतात. हलत्या नावेत दहापट मोठे झालेले चित्र तितकेच अधिक थरथरते, शिवाय डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास ५.२५ वरून ४.२ मिलिमीटरवर उतरतो, आणि भल्या पहाटे ते जाणवते. काठावरून पाहणाऱ्यांनी दहापट घ्यायला हरकत नाही, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, झाडी आणि तळी या सगळ्यांसाठी एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर आठपटच बरी.

चष्मा नसलेल्यांनी डायमंडबॅक घ्यावी, हे माझे मत, चष्मेवाल्यांसाठी मोनार्क. पहिलीच दुर्बीण घेणाऱ्या विद्यार्थ्याला नेचर डीएक्स पुष्कळ वर्षे पुरेल. व्होर्टेक्सची आजीवन हमी आकर्षक असली तरी दुरुस्तीसाठी वस्तू कोठे पाठवायची आणि खर्च कोण सोसणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

शहरातल्या एका दुकानात मला ट्यूबलाइटखाली समोरची भिंत दाखवून दुर्बीण ‘एकदम क्लिअर’ असल्याचे सांगण्यात आले. अशा परीक्षेत कोणतीही दुर्बीण पास होते. दुर्बीण घेऊन पदपथावर यावे, समोरच्या इमारतीवरील पाटीचे बारीक अक्षर चित्राच्या मध्यभागी आणि मग कडेला आणून वाचावे, उन्हात चमकणाऱ्या तारेभोवती रंगांची झालर दिसते का ते पाहावे आणि चष्मा असेल तर हे सारे चष्म्यासह, आयकप (डोळ्याकडच्या भिंगाभोवतीची रबरी कड) आत दाबून करावे. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.