नगरपरिषदेच्या सेवा ऑनलाइन करायच्यात: स्वतःचं ॲप की 'आपले सरकार'?

माझं मत आधीच सांगतो. दाखले, परवानग्या, एनओसी यांच्यासाठी 'आपले सरकार' हे राज्य सरकारचं सेवा पोर्टल, घरपट्टी-पाणीपट्टीसाठी वेगळी सिस्टीम, आणि ॲप सगळ्यात शेवटी, जमलं तर.

स्वतःचं बनवून घेण्यात फायदा नाही असं अजिबात नाही. घरपट्टीचे आपले झोन, आपले दर, शास्ती म्हणजे दंड, जुनी थकबाकी हे सगळं आपल्या पद्धतीने बसवून घेता येतं. कल्याण-डोंबिवली महापालिकेने फार आधी हे करून दाखवलं आणि तो पॅटर्न राज्यातल्या इतर शहरांनीही उचलला. पण महापालिकेचं बजेट वेगळं, छोट्या नगरपरिषदेत एकच संगणक अभियंता असतो आणि वेबसाईटपासून बंद पडलेल्या प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात, त्यात एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, वेळेत रिन्यू झाली नाही की पोर्टल बंद आणि लोक परत काउंटरला. एका ठिकाणी व्हेंडर बदलला तेव्हा जुन्याने मागणी रजिस्टरचा (कोणाकडून किती कर यायचा त्याच्या नोंदीचा) डेटा पीडीएफमध्ये दिला, आणि कर विभागातल्या लोकांनी तो परत हाताने टाइप केला. म्हणून डेटाबेस आपल्या मालकीचा, आणि तो एक्सपोर्ट होईल अशा स्वरूपात मिळणार, हे टेंडरमध्येच लिहून घ्या.

'आपले सरकार'चं खरं बळ पोर्टलपेक्षा त्याच्यामागच्या कायद्यात आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, पदनिर्देशित, म्हणजे त्या सेवेला जबाबदार, अधिकारी ठरलेला असतो, काम अडलं तर दोन अपिलं आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग, आणि कसूर केली तर 500 ते 5000 रुपये दंड. स्वतःचं पोर्टल केलं म्हणून कायदा सुटत नाही, फक्त मुदतीचं आणि अपिलांचं हे ट्रॅकिंग परत नव्याने बनवावं लागतं, मग कशाला? शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते सेवा केंद्रात जाऊन अर्ज करू शकतात. तोटा एकच मोठा, फॉर्ममध्ये आपल्याला हवा तो रकाना आपण टाकू शकत नाही, बदल वरूनच होतो.

पण यातलं काहीही निवडलं तरी रेकॉर्ड आधी साफ करावं लागतं, आणि इथेच सगळे घाई करतात. सातबाराचं बघा ना. हाताने लिहिलेले उतारे संगणकातल्या उताऱ्यांशी जुळवण्यात तलाठ्यांची वर्षं गेली, 2017 ला गावोगावी चावडी वाचन झालं, लोकांसमोर उतारे वाचून चुका काढल्या, तेव्हा कुठे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा आला. आज तो 15 रुपयांत घरबसल्या मिळतो. हे चावडी वाचन झालं नसतं तर चुकीचा उताराच डिजिटल सहीने मिळाला असता! घरपट्टीच्या रेकॉर्डसाठी वॉर्डावॉर्डात असंच वाचन घ्या, दोन महिने जास्त लागले तरी चालतील.

दाखले डिजीलॉकरला, म्हणजे सरकारच्या डिजिटल कागदपत्रांच्या ॲपला, जोडता आले तर नक्की जोडा, तिथल्या कागदाला मूळ कागदाइतकीच मान्यता आहे, लोकांची साक्षांकित झेरॉक्सची धावपळ वाचते. काउंटर मात्र बंद करू नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

आणि टॅक्स सिस्टीमचा डेमो द्यायला व्हेंडरचा माणूस येईल तेव्हा डॅशबोर्ड नंतर बघा, आधी आपल्याच गावातली वाटणी झालेली, दोन भावांच्या नावावरची, चार वर्षं थकलेली एखादी मालमत्ता त्याला द्या आणि समोर बसून बिल काढायला सांगा.