आयकर रिटर्न स्वतः भरायचा की सीएकडे द्यायचा? सांगलीकडच्या नोकरदार शेतकऱ्यांसाठी

नुसता पगार किंवा पेन्शन आणि वर ठेवींचं व्याज, एवढंच उत्पन्न असेल तर सीएची पायरी चढायची गरज नाही. आयटीआर-1 या सगळ्यात साध्या रिटर्न फॉर्ममध्ये बहुतेक आकडे आयकर विभागाच्या पोर्टलवर आधीच भरून आलेले असतात. फॉर्म 16 (मालकानं दिलेला पगार-कराचा दाखला), 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (विभागाकडची तुमच्या उत्पन्न-व्यवहारांची वार्षिक यादी) शेजारी ठेवून ते जुळवायचे, झालं. घोळ होतो तो व्याजात. बँकेनं टीडीएस, म्हणजे व्याजावरचा कर आधीच, कापला म्हणजे विषय मिटला, असं अनेकजण धरून चालतात. कापलेला असतो 10 टक्के; तुमचा कराचा टप्पा 20 टक्क्यांचा असेल तर उरलेला तुम्हीच भरायचा.

पण आपल्या जिल्ह्यात निव्वळ पगारदार शोधावाच लागतो. मास्तर तासगावचे असोत की वाळव्याचे, घरची द्राक्षबाग नाहीतर ऊस असतोच. शेती करमुक्त, मग ती दाखवायचीच कशाला, हा समज इथं पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-1 चालत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-2 भरावा लागतो.

आणि फरक नुसत्या फॉर्मचा नाही. आर्थिक वर्ष 2025-26, नवीन करप्रणाली धरा. प्रमाणित वजावट (पगारातून मिळणारी सरसकट सूट) जाऊन पगार 13 लाख असेल तर कर 75,000 होतो. आता बागेतून औषध-मजुरी वजा जाता 3 लाख सुटले समजा. आधी पगार आणि शेती मिळून 16 लाखांवरचा कर काढायचा, 1,20,000. मग शेतीचे 3 आणि करमुक्त मर्यादेचे 4, अशा 7 लाखांवरचा 15,000 त्यातून वजा करायचा. उरले 1,05,000. द्राक्षांवर कर नाही हे खरंच, पण द्राक्षांपायी पगारावरचा कर 30,000 नं वाढला. उपकर वेगळा.

हे गणित पोर्टल आपलं आपण करतं, त्यामुळे इथपर्यंतही स्वतः भरायला हरकत नाही. शेतीचं उत्पन्न 5 लाखांवर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिन कोड, क्षेत्र, मालकीची की खंडानं घेतलेली, बागायत की जिरायत, हेही विचारतात. सातबारा, अडत्याच्या पट्ट्या आणि कारखान्याचं ऊसबिल हाताशी असू द्या.

त्या वर्षी जमीन विकली असेल तर मात्र सरळ सीए गाठा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण ग्रामीण कुठली हे सातबाऱ्यावरून ठरत नाही. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरली जाते, मग तिथं हळद पिकत असली तरी. शिवाय 23 जुलै 2024 आधी घेतलेली असेल तर नफ्यावर 12.5 टक्के कर की खरेदीची किंमत महागाई निर्देशांकानं वाढवून 20 टक्के, हेही ताडून बघावं लागतं. इथं वाचू शकणाऱ्या करापुढे सीएची फी काहीच नाही.

दुकान, अडत, वाहतूक असा धंदा असेल तरी तोच सल्ला. पगारदाराला जुनी की नवीन प्रणाली हे दरवर्षी बदलता येतं. धंदेवाल्यानं एकदा जुनी घेतली आणि परत नवीनकडे आला, की धंदा आहे तोवर जुनीचं दार बंद.

तिसराही पर्याय गावोगाव फिरतो, ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारा. त्याच्या वाटेला जाऊ नका. खोटं घरभाडं, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी असलं काहीबाही तो दाखवतो. जुलै 2025 मध्ये आयकर विभागानं देशभर 150 ठिकाणी अशाच मध्यस्थांवर कारवाई केली. पकडलं गेलं तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड तुमच्या नावावर लागतो, त्याच्या नाही.

सीएकडे दिलात तरी पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा, नोटीस तिथंच येते. आणि रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी (रिटर्न आपलाच आहे याची ऑनलाइन खात्री) झाली का, हे लॉगिन करून बघा. ती राहिली तर भरलेला रिटर्न न भरल्यातच जमा.