बोल्ट-ॲक्शन की अर्धस्वयंचलित? चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या चौदा महिन्यांत मी .२२ बोअरच्या दोन रायफली नियमितपणे वापरल्या. पहिली अर्धस्वयंचलित, न्यूझीलंडच्या मध्य ओटागो भागात राहणाऱ्या माझ्या भावोजींची; तिच्यासोबत मी मार्च ते मे असे तीन महिने काढले. दुसरी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर नळीमागचा बोल्ट हा सरकता दांडा हाताने मागे-पुढे करावा लागणारी, माझ्या स्वतःच्या परवान्यावरची. ती अकरा महिन्यांपासून माहीमच्या घरातील लोखंडी कपाटात असते आणि दर शनिवारी सकाळी माझ्याबरोबर रेंजवर येते. शिकारीसाठी यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न परदेशी स्थायिक झालेले आपले नातेवाईक मला वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असावी, असेच माझे मत आहे. त्यामुळे शिकारीविषयी जे लिहिले आहे ते सर्व ओटागोतील आहे. मुंबईतील अनुभव केवळ कागदी लक्ष्यावरचा आहे. शिवाय शस्त्र नियमांच्या वर्गवारीत अर्धस्वयंचलित रायफली सर्वसाधारणपणे निषिद्ध गटात मोडतात आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. म्हणजे इथे निवड करताना फारसा वाव नाही. तिथे मात्र तो आहे, आणि म्हणूनच तिथे विचारपूर्वक निवडण्याची गरज अधिक आहे.

मध्य ओटागोत ससा हा गोंडस प्राणी मानला जात नाही. युरोपीय वसाहतकारांनी एकोणिसाव्या शतकात आणलेल्या या प्राण्याला तिथे नैसर्गिक शत्रू फारसे नव्हते, आणि कोरड्या डोंगरउतारांवरचे गवत तो मुळापर्यंत खातो. मग मेंढ्यांना चारा उरत नाही आणि उघडी पडलेली माती वाऱ्यापावसाने वाहून जाते. अलेक्झांड्रा या गावी ईस्टरच्या सुटीत सशांची मोठी सामूहिक शिकार भरते, त्यामागे हेच कारण आहे. माझ्याकडे तिथला परवाना नव्हता. परंतु परवानाधारक शेजारी उभा राहून थेट देखरेख करत असेल तर तिथला कायदा इतरांना रायफल चालवू देतो. त्यामुळे तिन्ही महिने भावोजी माझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि माझ्या चुका त्यांनी जितक्या जवळून पाहिल्या तितक्या अन्य कोणी पाहिल्या नसतील.

अर्धस्वयंचलित .२२ची रचना मुळात अत्यंत साधी असते. चाप ओढल्यावर वायूच्या दाबाने गोळी पुढे जाते, तोच दाब पुंगळीला मागे रेटतो, त्या धक्क्याने बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट मॅगझिनमधील, म्हणजे काडतुसांच्या पेटीतील, पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसवतो. नेमबाजाला दर वेळी फक्त चाप ओढायचा असतो. संध्याकाळी उतारावर एकाच वेळी चार-पाच ससे दिसतात आणि पहिल्या आवाजानंतर ते क्षणभर थबकून मग पळतात. त्या क्षणात दुसरी गोळी सुटू शकते, हा या रायफलीचा खरा लाभ आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. गाल दस्त्यावरून हलत नाही, दुर्बिणीतून दिसणारे चित्र मोडत नाही आणि आपली गोळी कुठे लागली हे स्वतःलाच दिसते.

तथापि या सोयीची किंमत मला पहिल्या पंधरवड्यातच कळली. भावोजींनी हिशेबाची एक वही ठेवली होती. तिच्यानुसार सुरुवातीच्या सहा संध्याकाळी मी दर सशामागे सरासरी चारहून अधिक काडतुसे खर्च केली. पहिली गोळी चुकली की दुसरी आपोआप तयार असते, म्हणून पहिली गोळी मी नकळत घाईने सोडत होतो. त्याहून वाईट म्हणजे दोन ससे जखमी होऊन बिळात गेले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. उपद्रवी असला तरी तो जीव आहे, आणि त्याला एका गोळीत, वेदनेविना संपवणे ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. त्यानंतर भावोजींनी मॅगझिन काढून घेतले आणि मला एकेक काडतूस हाताने भरून मारायला लावले. पुढच्या सहा संध्याकाळी सरासरी दीडच्या आसपास आली. रायफल तीच, दुर्बीण तीच, हातही तेच.

दुसरा प्रश्न काडतुसांच्या निवडीचा. अर्धस्वयंचलित .२२ला बोल्ट पूर्ण मागे ढकलण्यापुरता जोर लागतो, त्यामुळे ती काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ असते. अतिवेगवान काडतुसे ध्वनीपेक्षा जलद जातात, रायफल विनातक्रार चालवतात, पण त्यांचा फटाक्यासारखा आवाज उताराभर घुमतो. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे सायलेन्सरसह अगदी शांत असतात. न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर वापरणे सर्वमान्य आहे. पण याच काडतुसांनी एप्रिलच्या थंड पहाटे, तेल घट्ट झालेले असताना, बोल्ट अर्ध्यातच अडकायचा आणि रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकायची. सायलेन्सर लावल्यावर काही वायू मागे येऊन डोळ्यांना झोंबायचा आणि यंत्रणेत काजळी दुप्पट वेगाने साचायची. बोल्ट-ॲक्शनमध्ये हे काहीच घडत नाही. तिथे बोल्ट हाताने उघडेपर्यंत बंदच राहतो, त्यामुळे काडतूस मंद असो वा जलद, यंत्रणेला फरक पडत नाही, आणि यंत्रणेची खटखटही होत नाही.

हरणाच्या शिकारीत तर अर्धस्वयंचलित रायफलीचा पर्यायच आता तिथे उरलेला नाही. मार्च २०१९मधील क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर न्यूझीलंडने सेंटरफायर काडतुसांच्या, म्हणजे ज्यांच्या तळाच्या मध्यावर पिन आपटते अशा मोठ्या काडतुसांच्या, अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आणली. दहापर्यंत काडतुसांच्या मॅगझिनची .२२ रिमफायर (जिच्या काडतुसाच्या कडेवर पिन आपटते) तेवढी राहिली. त्यामुळे लाल हरणाच्या माजाच्या हंगामात, म्हणजे नर हरणांच्या डरकाळ्या दऱ्यांतून ऐकू येतात त्या दिवसांत, आम्ही भावोजींची .३०८ या मोठ्या बोअरची बोल्ट-ॲक्शन घेऊन गेलो. सुमारे दीडशे मीटरवरून मी गोळी झाडली. हरीण अडखळले आणि झुडपांकडे धावले. मी मात्र गोळीचा परिणाम पाहण्यासाठी डोके वर उचलून तसाच स्तब्ध राहिलो. “अरे, आधी बोल्ट मार! बघायचं नंतर!” असे भावोजी दबक्या आवाजात ओरडले. हरीण साठेक पावलांवर पडलेले सापडले, गोळी फुप्फुसांतूनच गेली होती. तरी ते उभे राहिले असते तर दुसरी गोळी माझ्या हातात नव्हती. तो दोष बोल्टचा नव्हता. गोळी सुटताच, गाल दस्त्यावर टेकलेला ठेवूनच, बोल्ट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे नेण्याची सवय माझ्या हाताला नव्हती.

मुंबईत परतल्यावर मी बोल्ट-ॲक्शन .२२ घेतली ती बरीचशी या एका क्षणामुळे. महाविद्यालयात एन.सी.सी.च्या .२२ डीलक्स रायफलीवर हात बसलेला होता, त्यामुळे तिची ओळख जुनी होती. अकरा महिन्यांत सुमारे अडीच हजार काडतुसे झाडली. घरी सरावासाठी मी चेंबरमध्ये रिकामी पुंगळी ठेवतो, कारण रिमफायर रायफलीची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते आणि चेंबर रिकामा असेल तर तीच पिन चेंबरची कडा ठेचू शकते. ज्यांनी नवी रायफल घेतली आहे त्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. आरंभी दोन नेमक्या गोळ्यांमध्ये मला पाच सेकंद लागत. आता अडीच ते तीन लागतात. अर्धस्वयंचलित रायफलीवरही दुर्बिणीतील खूण पुन्हा सशाच्या डोक्यावर स्थिर करायला मला दीड-दोन सेकंद लागतच होते, म्हणजे प्रत्यक्षातला फरक फार तर एक-दीड सेकंदाचा आहे.

अचूकतेविषयी. आधाराच्या पोत्यावर टेकवून, ५० मीटरवर, मध्यम वेगाच्या काडतुसांनी माझी बोल्ट-ॲक्शन पाच गोळ्या साधारण १५ मिलिमीटरच्या वर्तुळात बसवते. भावोजींची अर्धस्वयंचलित त्याच अंतरावर २५ ते ३० मिलिमीटर देत असे. सशाच्या डोक्यासाठी दोन्ही पुरेशा आहेत. स्पर्धेच्या लक्ष्यावर मात्र दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते आणि तिथे हा फरक गुणांत उतरतो. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघे टेकून, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकाराच्या नियमांतही एकेक काडतूस भरण्याचीच रायफल चालते. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. ताशी १५ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर .२२ची गोळी दोन-अडीच सेंटीमीटर सरकते, म्हणजे वाऱ्याचा अंदाज चुकला तर रायफलीतील हा सगळा फरक वाहून जातो. म्हणून मी सकाळी सातची वेळ घेतो.

आता देखभालीविषयी, कारण माझ्या मते मुंबईकराच्या दृष्टीने बोल्ट-ॲक्शन इथेच निर्विवादपणे पुढे आहे. बोल्ट मागून सहज निघतो, नळीतून आरपार उजेड दिसतो आणि सफाईची सळई चेंबरच्या बाजूने घालता येते. भावोजींच्या रायफलीचा मागचा भाग बंद होता. सळई तोंडाकडून घालावी लागे आणि तोंडाची कड किंचित जरी घासली गेली तरी अचूकता बिघडते, म्हणून आम्ही नळीतून ओढून काढायची सफाईची दोरी वापरत असू. जूनमध्ये माझ्या रायफलीच्या बोल्टच्या मुठीवर एका रात्रीत तांबूस डाग उमटले, कारण रेंजवरून आल्यावर हाताचा घाम पुसला नव्हता. तेव्हापासून पावसाळ्यात घरी पोहोचताच, चहाच्याही आधी, तेलाचा फडका फिरतो. फोमच्या पिशवीत रायफल ठेवू नये, फोम ओलावा धरतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि माझी पत्नी त्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून देते. नळी मात्र मी वारंवार घासत नाही; .२२च्या काडतुसांवरील मेणाचा पातळ थर नळीला हितकारकच असतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी कुणापुढेही दामटून मांडेन. बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत ठेवला की समोरचा माणूस एका नजरेत जाणतो की हे शस्त्र झाडता येणार नाही. टॅक्सीतून जाताना, सोसायटीच्या जिन्यात शेजारी भेटताना, घरी मुले असताना या एका गोष्टीने मनाला जी शांतता मिळते ती मोठी आहे. अर्धस्वयंचलित रायफलीत मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते, आणि अनोळखी माणसाला ते बाहेरून कळत नाही.

दोन उणिवा सांगणे आवश्यक आहे. माझा भाचा डावखुरा आहे आणि उजव्या बाजूची बोल्टची मूठ त्याला रायफलीवरून हात नेऊन चालवावी लागते. डावखुऱ्यांनी डावीकडील मुठीचीच रायफल शोधावी, तडजोड करू नये. दुसरी उणीव खरोखरच वेगाची आहे. युरोपात हाका घालून रानडुकरे उठवतात, तिथे धावत्या सावजावर दोन-तीन सेकंदांत दोन गोळ्या झाडाव्या लागतात आणि तिथे अर्धस्वयंचलित रायफल घेणाऱ्याला मी चुकीचे म्हणणार नाही, मात्र पहिली गोळी जपून मारण्याची शिस्त त्याने आधी कमावलेली असावी.

गेल्या महिन्यात भावोजींचा फोन आला. भाचा आता सोळा वर्षांचा झाला आहे, परवान्यासाठी अर्ज करणार आहे, त्याच्यासाठी काय घ्यावे, असे ते विचारत होते. मी डावखुरी बोल्ट-ॲक्शन .२२ सुचवली आणि त्यांनी ती घेतली. अर्धस्वयंचलित त्यांच्याकडेच राहील, ईस्टरच्या सशांसाठी. माझ्या रायफलीचा दस्ता मला किंचित लांब पडतो आहे, तो पाऊस थांबल्यावर सुताराकडून नव्हे तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून एक सेंटीमीटरने कमी करून घेणार आहे. त्यानंतर गुडघे टेकून मारण्याच्या स्थितीत काय फरक पडतो ते पाहायचे आहे.